प्रतिसाद: सिरॅमिक क्लच, कामाचा की मिरवायचा?

सिरॅमिक क्लच (ज्याच्या घर्षणाच्या भागात सिरॅमिक वापरतात) म्हणजे नुसता दिखावा, असं काही जण म्हणतात; ते मत सरसकट पटत नाही. पोर्शे कॅरेरा जीटी ही स्पोर्ट्स कार घ्या. तिच्या दोन प्लेटच्या सिरॅमिक क्लचचा व्यास फक्त १६९ मिमी. क्लच एवढासा, म्हणूनच इंजिन आणि गिअरबॉक्स इतके खाली बसवता आले. अर्थात त्रासही आहेच: फिरणारं वजन कमी, त्यामुळे क्लच सोडताना जरा चुकलं की गाडी जागीच बंद.

आपल्या रोजच्या गाडीला मात्र पक, म्हणजे सिरॅमिकचे सुटे घर्षण-तुकडे असलेली क्लच प्लेट कशाला? मूळ क्लच घसरत नसेल तर फायदा शून्य, ट्रॅफिकमध्ये हिसके तेवढे फुकट. आणि क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचं ते रंगीत कव्हर! बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या आत बघणार कोण, मेकॅनिक?