मदत हवी आहे: चार वर्षांच्या आराखड्यात डेटा स्ट्रक्चर्स लाल दिसतंय

अर्धवट_लूप
कॉम्प्युटर सायन्सचा आठही सेमिस्टरचा आराखडा शुक्रवारपर्यंत भरून द्यायचाय. सगळं बसवलं, तर डेटा स्ट्रक्चर्स लाल. खाली 'पूर्वअट अपूर्ण'. त्याच्यामुळे अल्गोरिदम लाल, ऑपरेटिंग सिस्टिम लाल, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टसुद्धा लाल! प्रोग्रामिंगचे दोन्ही पेपर चांगल्या मार्कांनी पास आहे. तीनदा पुसून परत भरलं. मशीन लर्निंग मला तिसऱ्या सेमिस्टरलाच हवंय, ते हलवायला सांगू नका. लवकर सांगा प्लीज.

जुनं_खोड
आत्ता कितव्या सेमिस्टरला आहात? डेटा स्ट्रक्चर्सची पूर्वअट नेमकी काय छापलीय? 'सगळं बसवलं' म्हणजे कुठे काय बसवलं? दुखतंय म्हणता आणि कुठे ते सांगत नाही.

पॉइंटर_प्रेमी
प्रोग्रामिंग कुठल्या भाषेत शिकवलं ते आधी सांगा. पायथन असेल तर खरी अडचण तिथेच आहे. पहिलं वर्ष सीमध्येच काढावं. मेमरी हाताळल्याशिवाय लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकीने पुढचीचा पत्ता धरून ठेवलेल्या नोंदींची यादी, डोक्यात शिरत नाही.

अर्धवट_लूप
पायथन. पण लाल रंगाचा त्याच्याशी काय संबंध?? दुसरं सेमिस्टर नुकतंच संपलंय.

चार्जर_कुठाय
लॅपटॉप घेताना रॅम १६ जीबीच्या खाली नको. ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागू नका, चार वर्षं ते वजन पाठीवर वाहायचंय.

जुनं_खोड
लॅपटॉपचं कुणी विचारलेलं नाही. ताई, पूर्वअट?

अर्धवट_लूप
प्रोग्रामिंग २ आणि डिस्क्रीट मॅथ्स. डिस्क्रीट मी पहिल्या सेमिस्टरला ड्रॉप केलं होतं, कॅल्क्युलसबरोबर झेपेना. ते पाचव्याला टाकलंय. गणितच आहे ते, कोडिंग नाही, म्हणून लिहिलं नाही.

जुनं_खोड
घ्या. अहो, मुळातलं हेच सांगायचं राहिलं होतं!

एक कागद घ्या. प्रत्येक विषयाचा एक गोल काढा आणि पूर्वअटीपासून विषयाकडे बाण. ज्या गोलात एकही बाण येत नाही तो आधी उचला, त्याचे बाण खोडा, परत बघा. याला टोपोलॉजिकल सॉर्ट म्हणतात. आर्थर कान या संगणकतज्ज्ञांनी ही पद्धत १९६२ साली मांडली, तुम्हाला अल्गोरिदमच्या पेपरात परत भेटेल. आता तुमची सगळ्यात लांब साखळी: डिस्क्रीट, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, प्रोजेक्ट १, प्रोजेक्ट २. एकापाठोपाठ एक पाच सेमिस्टर. डिस्क्रीट पाचव्याला धरलं तर प्रोजेक्ट २ नवव्या सेमिस्टरला जातो, आणि तुमच्याकडे आठच आहेत. डिस्क्रीट आणि डेटा स्ट्रक्चर्स कोणकोणत्या सेमिस्टरला शिकवतात?

अर्धवट_लूप
दोन्ही फक्त विषम सेमिस्टरला.

जुनं_खोड
म्हणजे डिस्क्रीट तिसऱ्याला, डेटा स्ट्रक्चर्स पाचव्याला, अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही सहाव्याला, मग प्रोजेक्ट. बसतंय, पण सहावं सेमिस्टर जीव काढेल. आणि मध्ये एक जरी विषय राहिला तरी वर्ष गेलं.

नुसतं_कोड
डिस्क्रीटचा एवढा बाऊ कशाला? मी ते घोकून पास झालो. कामावर एकदाही सिद्धता लिहिलेली नाही. सरळ वर्षभर प्रोजेक्ट करा, दाखवायला काहीतरी हवं.

पॉइंटर_प्रेमी
कामावर चुका मात्र लिहिल्या असतील. जावा भाषेच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमधली (क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधायचं) चूक २००६ साली चर्चेत आली. मधली जागा काढायला दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून दोनने भागायचं, पण यादी प्रचंड असली की ती बेरीजच ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही, ऋण होते. त्या पूर्णांकाची कमाल किंमत २,१४,७४,८३,६४७. पायथनवाल्याला हे कळायचंच नाही.

नुसतं_कोड
पायथनमध्ये पूर्णांक लागेल तेवढा वाढतो, म्हणून ती चूकच होत नाही. हा तोटा कसा ते समजावून सांगा.

तळटीप_वाचणारी
भांडण दुसरीकडे न्या. लूपताई, डिस्क्रीटच्या नावावर किंवा त्या पूर्वअटीवर एखादा तारा आहे का? बऱ्याच ठिकाणी 'आधी पूर्ण' आणि 'सोबत चालेल' अशा दोन प्रकारच्या अटी असतात. मी स्वतः तारा न बघता एक सेमिस्टर घालवलंय. शिवाय डिस्क्रीटमध्ये नक्की कुठे अडलात? ते कळलं नाही तर परत ड्रॉप कराल.

अर्धवट_लूप
तारा आहे! खाली बारीक अक्षरात 'आधी किंवा सोबत, मार्गदर्शकांच्या संमतीने'. हे मी पाहिलंच नव्हतं.

अडलं ते गणिती विगमनात. एखादं विधान क या संख्येसाठी खरं धरायचं आणि क + १ साठी सिद्ध करायचं. जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चालतोय असं वाटायचं, पुढे मन घेईना.

तळटीप_वाचणारी
प्रोग्रामिंग २ मध्ये यादी क्रमाने लावायचा मर्ज सॉर्ट लिहिलात ना? तिथे यादीचे दोन भाग केलेत, दोन्हींवर तेच फंक्शन बोलावलंत आणि 'हे दोन्ही भाग सॉर्ट होऊन आलेत' असं धरूनच पुढचं मर्ज लिहिलंत. तेव्हा शंका आली नाही, कारण एका घटकाची यादी मुळातच सॉर्ट केलेली असते हे माहीत होतं. तो पाया. विगमनात तेच, फक्त फंक्शनऐवजी विधान. लहान यादीबद्दल धरताय आणि मोठीबद्दल सिद्ध करताय, तेच ते नाही.

अर्धवट_लूप
हे वर्गात असं कुणी सांगितलं असतं तर...

बरं, दोन्ही तिसऱ्याला टाकले. जवळजवळ सगळं हिरवं झालं! पण तिसऱ्याचे क्रेडिट मशीन लर्निंग सोडूनही २६ होतायत, मर्यादा २४. आणि मशीन लर्निंग अजून लाल.

जुनं_खोड
मशीन लर्निंगची पूर्वअट आता तरी पूर्ण लिहा.

अर्धवट_लूप
प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जेब्रा. लिनिअर तिसऱ्याला आहे, प्रोबॅबिलिटी सातव्याला टाकलं होतं. कळलं, ओरडू नका.

जुनं_खोड
प्रोबॅबिलिटी चौथ्याला घ्या. मोजणीचं गणित डिस्क्रीटमध्ये नुकतंच झालेलं असेल, अर्धं काम तिथेच होतं. मशीन लर्निंग पाचव्याला. तिसऱ्याला घेऊन करणार काय होतात? ग्रेडियंट म्हणजे काय हे न कळता लायब्ररीचं फंक्शन बोलावत बसला असता. ते जास्तीचे क्रेडिट कशाचे?

अर्धवट_लूप
गेम डेव्हलपमेंट, ३ क्रेडिट. सातव्याला ढकललं. २३ झाले.

चार्जर_कुठाय
गेम डेव्हलपमेंट करणार असाल तर ग्राफिक्स कार्डाबद्दलचं मागचं मत मागे घेतो.

अर्धवट_लूप
आज मार्गदर्शकांकडे जाऊन आले. संमती मिळाली, पण दर पंधरा दिवसांनी डिस्क्रीटची सोडवलेली गणितं दाखवायची या अटीवर. पहिल्यांदा ड्रॉप करण्याआधी त्यांच्याकडे का आले नाही असं विचारलं, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तळटीपताई, मर्ज सॉर्टचं तुमचं उदाहरण त्यांना सांगितलं, त्यांनी वहीत उतरवून घेतलं. सगळ्यांचे आभार. धागा बंद केला तरी चालेल.

नुसतं_कोड
बंद कसा? पॉइंटर_प्रेमींनी माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही.