मदत हवी आहे: परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठी नेमकं काय न्यावं?

नमस्कार मंडळी. २००३ साली आईच्या केमोसाठी परळला आलो तेव्हा चार रात्री फुटपाथवर काढल्या. मग चहावाल्याने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता दिला आणि आई एकदाची निवांत झोपली. (गाडगेबाबांनी एवढ्या धर्मशाळा उभारल्या, स्वतःच्या हाती मात्र खापर आणि खराटा!)

आता माझं बरं चाललंय, पण त्या फुटपाथवरची गाठोडी बघवत नाहीत. दर शनिवारी २५ जणांचा डबा न्यावा म्हणतोय. पण केमोवाल्यांना बाहेरचं बाधतं, हे आईच्या वेळी पाहिलंय. मग डबा फक्त नातेवाइकांना द्यावा? की कोरडा शिधा? की गावाकडून आलेल्यांसोबत रांगेत उभं राहावं? कुणी केलंय का असं? आधी परवानगी कुणाकडे मागायची?