मदत हवी आहे: पात्र कापल्यावर कडेला पांढरी रेघ राहते

निळीशाई: चित्रातलं पात्र कापून गडद निळ्या बॅकग्राउंडवर ठेवायचंय. मॅजिक वाँडने (क्लिक केल्यावर सारख्या रंगाचा भाग निवडणारं टूल) पांढरा भाग सिलेक्ट करून डिलीट केला, तरी केसांच्या कडेने पांढरी रेघ राहतेच. इरेझर फिरवला की काळी आउटलाइनही जाते. सकाळपासून हेच चाललंय. उद्या द्यायचंय, प्लीज लवकर सांगा.

पिक्सेलपाटी: सॉफ्टवेअर कुठलं? जेपीजी की पीएनजी? फोटो की ड्रॉइंग?

कुंचला: सॉफ्टवेअर कुठलंही असो, पेन टूल घ्या. पात्राच्या कडेने पाथ, म्हणजे रेषा, काढा, त्याचं सिलेक्शन करा, इन्व्हर्ट करून (म्हणजे उलटवून बाहेरचा भाग निवडून) उडवा. वाँडच्या नादी लागूच नका.

रात्रपाळी: @कुंचला, केसांच्या एकेक बटेला पाथ? अहो, उद्या द्यायचंय त्यांना. एआयवाल्या ऑनलाइन टूलमध्ये टाका, मोकळे व्हा.

कुंचला: ती टूल्स फोटोला ठीक आहेत. ड्रॉइंगमधल्या बारीक बटा खाऊन टाकतात. हाताने केलेल्या कामाची सर नाही.

थेंब: फाईल जड होत असेल तर आधी रिझोल्यूशन कमी करा.

पिक्सेलपाटी: @थेंब, फाईल जड आहे असं कुठे म्हटलंय? आणि कापायच्या आधी चित्र लहान करू नये, कडेचा बारीक तपशील जातो.

निळीशाई: सॉफ्टवेअर गिम्प. फाईल जेपीजी. ड्रॉइंग, काळी आउटलाइन. वाँडचा थ्रेशोल्ड (किती जवळचे रंग धरायचे ती मर्यादा) वाढवला तर पांढरा शर्टही सिलेक्ट होतो.

पिक्सेलपाटी: मग कारण सरळ आहे. आउटलाइन गुळगुळीत दिसावी म्हणून कडेचे पिक्सेल करडे असतात, म्हणजे काळा आणि पांढरा मिसळलेले. वाँड ते सोडून देतं आणि गडद रंगावर तेच चमकतात. थ्रेशोल्ड कमीच ठेवा. बाहेरचा पांढरा भाग सिलेक्ट करा, सिलेक्ट मेनूतून ग्रो (सिलेक्शन वाढवणं) २ पिक्सेल, म्हणजे सिलेक्शन आउटलाइनवर चढेल. आता डिलीट न करता कलर्स मेनूतलं कलर टू अल्फा (निवडलेला रंग पारदर्शक करणारं) वापरा, रंग पांढरा. करड्यातला पांढरा तेवढा निघतो, काळा अर्धपारदर्शक होऊन राहतो. जेपीजीमुळे पांढऱ्यात बारीक डाग असतील, त्यासाठी तिथलाच ट्रान्सपरन्सी थ्रेशोल्ड किंचित वाढवा.

रात्रपाळी: कलर टू अल्फाने माझ्या पात्राचे दात आणि डोळ्यांतलं पांढरं आरपार झालं होतं. जपून.

पिक्सेलपाटी: अख्ख्या लेयरवर लावलं की तसंच होणार. म्हणून तर आधी सिलेक्शन. आणि सेव्ह करताना पीएनजी, जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही.

कुंचला: आउटलाइन नसलेल्या चित्रात हे चालणार नाही. तिथे पेन टूलच.

पिक्सेलपाटी: मान्य. पण यांच्या चित्रात आउटलाइन आहे.

निळीशाई: रेघ गेली! केस एकदम स्वच्छ आलेत, खूप खूप आभार. पण पात्राचा हात कमरेवर आहे, कोपराच्या आतला पांढरा त्रिकोण तसाच राहिलाय.

पिक्सेलपाटी: तो तुकडा बाहेरच्या पांढऱ्याला जोडलेला नाही, म्हणून सुटला. वाँडने त्यावर क्लिक करा, पुन्हा ग्रो आणि कलर टू अल्फा. पुढच्या चित्रात असे बंदिस्त तुकडे सुरुवातीलाच शिफ्ट दाबून सिलेक्शनमध्ये घ्या.