पाडव्याचे तोरण : पाने जून घ्यावीत
तयार कापडी तोरणापेक्षा आंब्याच्या पानांचे तोरण स्वस्त पडते, हे मत मला पूर्ण मान्य आहे. मात्र ते दुपारपर्यंत कोमेजते ही तक्रार बहुधा पानांच्या निवडीमुळे येते. चैत्रातली तांबूस, कोवळी पालवी मोहक दिसली तरी लवकर मान टाकते, म्हणून गर्द हिरवी, जून पानेच घ्यावीत आणि त्यांचे देठ आधी काही वेळ पाण्यात ठेवावेत. प्रत्येक पान देठाकडून सुतळीवर दुमडून नारळाच्या हिराच्या तुकड्याने टाचले, तर सुईदोराही लागत नाही.

झेंडू महाग असेल, तर मधूनमधून कडुनिंबाच्या फुललेल्या डहाळ्या खोवाव्यात. पाडव्याला कडुनिंब घरात आणलेला असतोच, आणि त्याची बारीक पांढरी फुले हिरव्या पानांत फार शोभून दिसतात.