विषय: व्हॅन परत झटके मारतेय, शनिवारच्या आत बघायला हवं

मंडळी,
व्हॅनचं तेच परत सुरू झालंय. गावात फिरवताना काही नाही. पण शंभरच्या वेगाला ॲक्सिलरेटर एकसारखा धरला, की अर्ध्या-पाऊण तासाने कुणीतरी मागून ओढून धरल्यासारखी अडते. दोन-तीन सेकंद, मग आपोआप सुटते. इंजिनचा दिवा लागला होता तो काकांनी स्कॅनर लावून घालवला. प्लग मागच्या वर्षीच बदललेत. शनिवारी स्पीकर हिच्यातूनच जायचेत. कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) मागवू का?
– सचिव

उत्तर:
दिवा मी "घालवला" नाही, आधी कोड वाचला. पी०३००, म्हणजे मिसफायर (सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटणं), पण ठरावीक सिलिंडरचा नाही. वहीत लिहून ठेवलाय. चारही कॉइल एकदम कशाला मरतील?
माझ्या जुन्या ऑटोमॅटिकला असंच व्हायचं आणि दोष निघाला टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकमध्ये (एकसारख्या वेगाला इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा). ओळखायची खूण: झटके येत असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, मागचा ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. लॉक सुटतो. थरथर तिथल्या तिथे थांबली तर इंजिनला हात लावू नका. रस्ता मोकळा असेल तरच करा.
– स्कॅनरवाले काका

उत्तर:
काका, ब्रेकची खूण अगदी बरोबर. पण कोड पुसायला नको होता हो! कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. दिवा लागला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान, लोड, सगळं त्यात होतं. कधीतरीच येणाऱ्या दोषात तेवढाच एक साक्षीदार असतो.
दादा, कॉइल मागवू नका. आधी सांगा: अडते तेव्हा आरपीएमचा काटा काय करतो? धाडकन शून्यावर पडत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिनचे फेरे मोजणारा) बघायचा, तो तापला की सिग्नल सोडतो. चढावर वाढतं का? टाकीत पेट्रोल किती असतं? आणि गाडी चालत असताना शेजारी बसणाऱ्याने स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिन ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल घालतंय तो आकडा) बघायचा, एकदा आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू), एकदा शंभरला. आयडलला जास्त आणि वेगात कमी असेल तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. उलट असेल तर पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर हवेचा सेन्सर घाण झालाय.
– ताई (वर्कशॉपवाली)

उत्तर:
स्कॅनर कपाटात नाही. ज्यांनी नेलाय त्यांनी वहीत सही केलेली नाही. मागच्या वेळी केबल हरवली तेव्हाही हेच झालं होतं. किल्ली माझ्याकडे आहे, विचारून न्या.
– खजिनदार

उत्तर:
स्कॅनर माझ्या गाडीत आहे, आज आणून देतो. ताई, फ्रीझ फ्रेमचं ध्यानात आलं नाही. यापुढे आधी फोटो काढेन. मात्र दिवा लुकलुकत असेल तर तपासत बसू नका, वेग कमी करा. तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा) जाऊन तो तापतो.
– काका

उत्तर:
काल काका आणि मी जाऊन आलो. ब्रेकला स्पर्श केला, फरक नाही. काटा पडत नाही, किंचित थरथरतो. ट्रिम आयडलला ३ टक्के, शंभरला १९. चढावर जास्तच अडते, हे मी आधी पाहिलंच नव्हतं. आणि येताना टाकी पावाच्या खाली होती तेव्हा पाच मिनिटांत तीनदा झालं. पंपच ना मग?
– सचिव

उत्तर:
पंपाकडे बोट जातंय, पण मोजल्याशिवाय टाकी उतरवायची नाही. पंप टाकीत असतो, भोवतीच्या पेट्रोलनेच गार राहतो, त्यामुळे टाकी रिकामी होत आली की थकलेला पंप आधी बोलतो. उद्या पेट्रोलचं प्रेशर मोजायचं गेज लावते.
– ताई

उत्तर:
गेज लावलं. थंड असताना ३.५ बार, पुस्तकात आहे तेवढंच. चाळीस मिनिटं चालवल्यावर २.४. मग पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजलं: बॅटरीवर १३.९, पंपाशी ११.२, म्हणजे पंपाला वीजच कमी पोचत होती. कनेक्टर उघडला तर अर्थची पिन तपकिरी पडलेली, प्लास्टिक एका कडेला वितळलेलं. पिन आणि वायरचा तुकडा बदलला. परत तेवढंच चालवलं, टाकी मुद्दाम पावाच्या खाली ठेवून: प्रेशर ३.५ वर स्थिर, एकही झटका नाही. पंप आहे तोच ठेवू, मात्र आठवड्याने ट्रिम परत बघायचा आहे. तोवर कुणी कोड पुसू नका.
– ताई

उत्तर:
स्कॅनर मिळाला, केबलसह. सही झाली.
– खजिनदार