मदत हवी आहे: गुटी उतरवून पिशवीत लावलेली डाळिंब-पेरूची रोपं सुकतायत

काळीरान
नमस्कार मंडळी. गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठ. भगवा डाळिंब, सरदार पेरू आणि कागदी लिंबू यांच्या गुट्या (फांदीची साल कड्यासारखी काढून भोवती ओलं शेवाळ गुंडाळायचं, म्हणजे तिथं मुळ्या फुटतात) जुलैत बांधल्या होत्या. शेवाळात मुळ्या दिसायला लागल्यावर उतरवल्या आणि ६ बाय ८ इंची पिशव्यांत लावल्या. त्याला दोन आठवडे झाले. पिशवीत रानातली काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं. वर ५० टक्के शेडनेट आहे, पाणी विहिरीचं, रोज सकाळ-संध्याकाळ.

लिंबू बरं आहे. पेरूची पानं दुपारी लोंबतात, काही कडेनं करपलीत. डाळिंबाची निम्मी पानं गळाली. माती मात्र हाताला ओलीच लागते. पाणी वाढवू की कमी करू? खत किंवा टॉनिक काही द्यावं का?

माणदेशी
पाणी वाढवू नका, उलट आजपासून संध्याकाळचं बंद करा.

गुटी झाडावर असते तेव्हा तिच्या पानांना पाणी मूळ झाडाकडून मिळतं. साल काढलेली असली तरी आतलं लाकूड पाणी वर चढवतंच. फांदी कापली की तो पुरवठा त्याच क्षणी तुटतो आणि सगळा भार शेवाळातल्या चार-दोन पांढऱ्या मुळ्यांवर येतो. पानं मात्र पूर्वीइतकीच. म्हणून माती ओली असूनही पान सुकतं. ते पाहून माणूस आणखी पाणी ओततो, मातीत हवा राहत नाही आणि होत्या त्या मुळ्याही कुजतात. गुटीची रोपं तहानेपेक्षा या फेऱ्यात जास्त मरतात.

आधी रोप जिवंत आहे का ते बघा. खोडाची साल नखानं किंचित खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर जीव आहे. डाळिंब तर ताण बसला की पानं टाकतंच, त्यामुळे गळलेल्या पानांवरून रोप फेकू नका.

मग पानं कमी करा. डाळिंबाचा शेंडा छाटून उंची फूटभर ठेवा, उरलेल्यातली दोन तृतीयांश पानं काढा. पेरूची पानं मोठी, ती कात्रीनं आडवी निम्मी कापा. कळी किंवा फूल दिसलं की लगेच खुडा. लिंबाला काही करू नका.

दोन प्रश्न: शेवाळाचा गोळा सोडवला होता का, की तसाच लावला? आणि गुटीवरचा प्लास्टिकचा कागद, सुतळी पूर्ण काढली होती ना?

काळीरान
कागद, सुतळी पूर्ण काढली. गोळा तसाच ठेवला, फोडला नाही. दादा, माती बदलायची का?

रोपवाटिका_खटाव
माझ्या मते बदलावी, पण सगळ्यांची नाही. काळी माती पिशवीसाठी वाईटच. ओली असताना हवा धरत नाही, वाळली की आवळते आणि भेगा पडताना कोवळी मुळी तुटते. त्यात शेणखत निम्मं म्हणजे फार झालं. पूर्ण कुजलेलं नसेल तर पिशवीत तापतं, हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही येते. पिशवीत बोट घालून बघा. कोमट लागलं किंवा आंबूस वास आला तर खत कच्चं आहे.

आधी प्रत्येक जातीचं एकच रोप तपासा. पिशवी ब्लेडनं उभी चिरा, रोप धरून ओढू नका. गोळ्यातली मुळी पांढरी किंवा पिवळसर आणि टणक असेल तर ठीक. तपकिरी असेल आणि चिमटीत धरल्यावर वरचं आवरण निसटून आत दोरा राहत असेल तर कूज सुरू झाली. मुळ्या अजून गोळ्यातच असतील तर माती बदला. बाहेर मातीत शिरल्या असतील आणि निरोगी असतील तर हात लावू नका, फक्त पाणी सांभाळा. पेरूची कोवळी मुळी जाड पण ठिसूळ असते, जरा धक्का लागला की मोडते.

नवं मिश्रण: दोन घमेली पोयटा (गाळाची माती) किंवा लाल माती, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं चाळलेलं जुनं शेणखत. वाळू मिळत नसेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालेल, पण दोन-तीन पाण्यांतून धुऊन, कारण त्यात क्षार असतात. वांगी-टोमॅटोच्या रानातली माती घेऊ नका. सूत्रकृमी (मुळांवर गाठी करणारे बारीक किडे) पिशवीतून थेट बागेत जातात, आणि डाळिंबात त्या गाठींमागोमाग मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग येतो.

लावताना गोळा मातीच्या पातळीखाली जेमतेम दोन बोटं जाऊ द्या. साल काढलेल्या कड्याखाली फांदीचा लांब ठोंब उरला असेल तर तो मुळ्यांखाली अर्ध्या इंचावर धारदार कात्रीनं कापून कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा. बहुतेक वेळा कूज त्या ठोंबापासूनच वर येते. रोपाला काडीचा आधार देऊन सैल बांधा. खोड वाऱ्यानं हललं की मुळी आतल्या आत तुटते आणि वरून काही कळत नाही. तुमच्या पेरूला आधार दिला नसेल तर दुपारी लोंबण्याचं एक कारण तेही असू शकेल.

माणदेशी
ठोंबाचा मुद्दा मोलाचा. बाकी माती बदलण्याबाबत मी जरा हात आखडता ठेवीन. खत तापत नसेल तर पिशवीला तळापासून इंचभर वर आणखी सात-आठ भोकं पाडून आधी आठवडाभर वाट बघा. पिशव्या जमिनीला चिकटवून न ठेवता विटांवर किंवा खडीवर ठेवा.

पाणी कधी द्यायचं ते हातानं ठरवा. वरची इंचभर माती खरवडून मुठीत दाबा. गोळा झाला तर आज पाणी नाही, भुरभुरली तर द्या. पण शेवाळाचा गोळाही बघा. तो एकदा कोरडा पडला की पाणी शोषत नाही, भोवतीची माती ओली आणि गोळा आतून सुका असं होतं. तसं असेल तर पिशवी पंधरा मिनिटं टबात बुडवून काढा.

आता करपलेल्या कडा. कृष्णाकाठच्या बऱ्याच विहिरींचं पाणी क्षारयुक्त आहे, क्षारपड रानं तिकडं काय कमी नाहीत. पानाची कड आणि टोक आधी करपतं ते बहुधा यामुळेच. पाऊस आहे तोवर छपराचं पाणी पिंपात धरा आणि तेच वापरा. पाणी तपासूनही घ्या.

खत, टॉनिक आत्ता काहीच नको. मुळी नसताना दिलेलं खत मातीतले क्षार वाढवतं, एवढंच. नवी फूट येऊन पानं गडद झाली की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा. कूज दिसली असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रति लिटर, पिशवीला साधारण १०० मिली आळवणी, म्हणजे मुळाशी ओतायचं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) द्यायचं असेल तर त्यानंतर पंधरा दिवसांनी. दोन्ही एकत्र दिलं तर ट्रायकोडर्मा मरतं.

काळीरान
तिन्हींतलं एकेक रोप चिरून पाहिलं. डाळिंबाच्या मुळ्या पांढऱ्या, गोळ्यातच. पेरूत दोन मुळ्या तपकिरी, बाकी टणक, त्याही गोळ्यातच. लिंबाची मुळी मातीत शिरलीय. खताला वास नाही, गरमही नाही. नेटखालून कधी बाहेर काढू?

रोपवाटिका_खटाव
मग पेरूची माती बदला, तपकिरी मुळ्या कापा आणि आळवणी करा. डाळिंबाच्या मुळ्या निरोगी आहेत आणि खत तापत नाही, तेव्हा माणदेशी म्हणतात तसं त्याला भोकं पाडून वाट बघा. लिंबाला हातही लावू नका, फक्त नव्या फुटीवर नागअळीची (पान आतून पोखरणाऱ्या अळीची) वेडीवाकडी रेघ दिसली की निंबोळी तेल फवारा.

नेट इतक्यात काढू नका, ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या पानाला झेपत नाही. फुटीची दोन-तीन पानं पक्की झाली की आधी फक्त सकाळचं ऊन, दहापर्यंत. मग दर चार-पाच दिवसांनी तासभर वाढवा. पहिली फूट फसवी असते. फांदीत साठलेल्या अन्नावरही ती येते, मुळी नसली तरी. पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळी डोकावली की मगच रोप लागलं म्हणायचं आणि उघड्यावर न्यायचं.

आणि डाळिंबाच्या गुट्या ज्या झाडांवरच्या आहेत त्यांच्या फळांवर तेल्या या जिवाणूजन्य रोगाचे डाग होते का, ते आठवून सांगा. असतील तर ही रोपं बागेत नेऊच नका.