प्रति: ट्रान्झिस्टर निवडून लावावेत का?

एफएम रेडिओच्या १०.७ मेगाहर्ट्झच्या ट्यून्ड अँप्लिफायरसाठी (ठरावीक फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल वाढवणारं सर्किट) असं सुचवलं गेलंय की प्रत्येक ट्रान्झिस्टरचा बीटा (बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट वाहतो तो आकडा) मोजून जुळणारे नगच लावावेत. एकच सर्किट करायचं असेल तर ठीक, पण उद्या ट्रान्झिस्टर बदलावा लागला की पुन्हा तीच मोजामोजी. बीसी ५४७ या नेहमीच्या ट्रान्झिस्टरचा बीटा तसाही ११० ते ८०० पर्यंत कुठेही असू शकतो.

मुळात गेन (सिग्नल किती पट वाढतो) ठरतो ट्रान्सकंडक्टन्सवर, म्हणजे बेसच्या व्होल्टेजमागे कलेक्टर करंट किती बदलतो यावर, आणि तो कलेक्टर करंटवर अवलंबून असतो: १ मिलीअँपिअरला साधारण ४० मिलीसीमेन्स, बीटा काहीही असो. म्हणून हा करंट स्थिर राहावा यासाठी एमिटर रेझिस्टरवर निदान १ व्होल्ट पडू द्या आणि बेसला व्होल्टेज देणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर दणकट ठेवा. अर्धी भानगड तिथेच मिटते.

खरी डोकेदुखी कपॅसिटन्सची. १०.७ मेगाहर्ट्झच्या टँकमध्ये (फ्रिक्वेन्सी ठरवणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी) एकूण २० पिकोफॅरड असतील आणि ट्रान्झिस्टर बदलल्यावर त्याच्या स्वतःच्या कपॅसिटन्समुळे १ पिकोफॅरडचा फरक पडला, तर ट्यूनिंग सुमारे २७० किलोहर्ट्झ सरकतं, म्हणजे एफएमचं अख्खं चॅनेल गेलं! टँकला १०० पिकोफॅरड द्या, सरक ५० किलोहर्ट्झच्या आसपास येते. शिवाय कलेक्टर कॉइलच्या मधल्या टॅपला (वेढ्यांच्या मध्यावर काढलेल्या टोकाला) जोडलात तर तो फरक एक चतुर्थांशच दिसतो, म्हणजे जेमतेम १३ किलोहर्ट्झ. गेन थोडा जातो, जाऊ द्या. पुढच्या स्टेजचा बेसही असाच थोड्या वेढ्यांवरून घ्या, कारण इनपुट रेझिस्टन्स मात्र बीटाबरोबर बदलतो.

आणि ट्यून करताना फ्रिक्वेन्सीनुसार गेन दाखवणारा वक्र एका बाजूला कललेला दिसला, तर आधी कलेक्टर-बेस फीडबॅकवर (कलेक्टरचा सिग्नल आतूनच बेसकडे परत झिरपणं) संशय घ्या. तिथे कॅस्कोडला (एकावर एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) तोड नाही.